आरोग्य केंद्र कुणाला जाब देतं?

गावातला एखादा आरोग्य कार्यक्रम फसला की एक वाक्य ठरलेलं असतं, लोकांमध्ये जागृती नाही. मेळघाटात बाळं दगावली की भूमका (गावातला वैदू-मांत्रिक) आणि डंभा (पोटावर द्यायचा तापल्या लोखंडाचा चटका) यांच्यावर बातमी होते, लसीकरण कमी पडलं की अफवांवर होते, बाळंतपण घरी झालं की सासूच्या अडाणीपणावर. मग पोस्टर्स छापली जातात, कलापथक येतं, प्रभातफेरी निघते. पण त्या भागातल्या उपकेंद्राला कुलूप का होतं, अँब्युलन्सला डिझेल का नव्हतं, डॉक्टरची जागा किती वर्षं रिकामी आहे, हे विचारायची सोय त्या गावाकडे आहे का, यावर कोणी फार बोलत नाही. मला याच्यावरच बोलायचंय. आपल्याकडे ग्रामीण आरोग्यात पैसा कमी आहे, माणसं कमी आहेत, हे सगळं खरंच आहे, पण त्याच्याही मुळाशी एक गोष्ट आहे: आपले सगळे आरोग्य कार्यक्रम वरच्याला हिशोब देतात, गावाला देत नाहीत. आणि जोपर्यंत हे असंच राहणार तोपर्यंत योजनेचं नाव काहीही ठेवा, फरक मर्यादितच पडणार.

ही सवय इंग्रजांच्या काळापासूनची आहे. १८९७ साली प्लेगच्या निमित्ताने साथरोग कायदा आला, त्यात सरकारला काय काय करता येईल ते होतं, लोकांचा हक्क काय याबद्दल काही नव्हतं. पुण्यात रँडच्या अंमलाखाली सोल्जर घरात घुसून तपासण्या करत होते हे आपण शाळेत शिकलोय. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंतराव पुण्याबाहेर दवाखाना चालवत होते, आजारी माणसाला उचलून आणत होते, आणि त्यातच १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई गेल्या. म्हणजे रोगाशी लढायच्या दोन्ही तऱ्हा आपल्यासमोर एकाच वेळी होत्या. स्वतंत्र भारताच्या सरकारने त्यातली कुठली उचलली? तो कायदा तर २०२० च्या मार्चमध्येसुद्धा बाहेर काढला गेला, पण मी कायद्यापेक्षा त्याच्या मागच्या सवयीबद्दल बोलतोय: वरून ठरवायचं, खाली राबवायचं आणि आकडा परत वर पाठवायचा.

ही सवय किती महागात पडते याचं सगळ्यात मोठं उदाहरण नसबंदीचं. १९५२ ला भारताने सरकारी कुटुंब नियोजन सुरू केलं, असं करणारा जगातला पहिला देश, त्यात अभिमान वाटावा असंही काही होतं. पण साठच्या दशकात टार्गेट आलं आणि आणीबाणीत त्याचं काय झालं ते सगळ्यांना माहितीय, १९७६-७७ या एका वर्षात ८२ लाखांवर नसबंद्या झाल्या. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांना 'केसेस' आणायला लावलं, नाही आणल्या तर पगार अडकवला. आपण महाराष्ट्रवाले हे सगळं उत्तरेत घडलं असं समजतो, पण सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं, तीन मुलांनंतर सक्ती, फक्त राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. हे आपल्या चर्चेत कधी येत नाही.

१९७७ ला सरकार पडलं, पुरुषांवर जबरदस्ती केली तर मतं जातात हे नेत्यांना कळलं, म्हणून टार्गेट गेलं का? नाही, ते बायकांवर गेलं. पुरुष नसबंदी जवळजवळ संपली आणि कॅम्पमध्ये बायकांच्या रांगा लागल्या. कागदावर १९९६ पासून टार्गेट बंद आहे, पण २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूर जिल्ह्यातल्या कॅम्पात एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशन्स केली आणि १३ जणी गेल्या, ती घाई कुठून आली असेल? शेवटी २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की हे कॅम्प तीन वर्षांत बंद करा. आणि हे सगळं इतिहासजमा झालं असं वाटत असेल तर आपल्या पंचायतीचा नियम बघा, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर सरपंचपद काय, साधं सदस्यपदही नाही. मूल किती हे बाईच्या हातात फार कमी घरांत असतं, पण पद जातं बाईचं, आणि जास्त करून दलित, आदिवासी, गरीब घरातल्या बाईचं, जिला आरक्षणामुळे पहिल्यांदाच खुर्ची मिळालेली असते. लोकसंख्येचा कार्यक्रम थेट लोकशाहीत घुसला आणि त्यावर आपल्याकडे आवाजही फार झाला नाही.

आता याचा अविश्वासाशी संबंध बघा. उत्तर प्रदेशच्या पश्चिम भागात पोलिओचे थेंब मुस्लिम वस्त्यांमध्ये नाकारले गेले तेव्हा अफवा काय होती, तर यानं मुलं नपुंसक होतील. अफवा खोटीच होती, पण ती कोणाच्या तरी डोक्यातून उगाच निघाली नव्हती, तिथे पंचवीस वर्षांपूर्वी सरकारी माणूस दारात आला होता आणि त्यानं खरंच नसबंदी केली होती. ज्या सरकारला तुमच्या साध्या तापाची फिकीर नाही ते दर महिन्याला घरापर्यंत फुकट थेंब घेऊन का येतंय, हा प्रश्न अडाण्याचा वाटतो का? मला तर तो फार शहाण्या माणसाचा प्रश्न वाटतो. मग त्याच वस्तीतल्या बायका कामाला घेतल्या, इमामांशी बोलणं झालं, थेंबांबरोबर बाकीच्या आजारांचे कॅम्प लावले, तेव्हा चित्र बदललं. देशातली शेवटची केस जानेवारी २०११ ची. पोलिओचं यश सांगताना आपण आकडा सांगतो, ही तडजोड सांगत नाही.

आपल्या राज्यात वेगळा रस्ता कोणी दाखवला नव्हता असंही नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं १९७० ला जामखेडला गेलं, तेव्हाचा नगर जिल्हा, दुष्काळी तालुका. त्यांनी गावोगावच्या, बऱ्याचशा निरक्षर, कितीतरी दलित बायकांना ग्राम आरोग्य सेविका केलं, आणि निवड गावाने करायची. १९७२ च्या दुष्काळात बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा त्या दलित वस्तीत घेतल्या, म्हणजे पाण्यासाठी वरच्या आळीला खालच्या आळीत यावं लागलं. हे आरोग्याचंच काम होतं, कारण कोणाच्या घरचं मूल हगवणीने मरतं हे पाणी कोणाच्या ताब्यात आहे यावर ठरतं. जामखेडचं हे काम जागतिक आरोग्य संघटनेपर्यंत पोचलं, १९७८ ला अल्मा-आता (तेव्हाच्या सोव्हिएत संघातलं शहर) इथे 'सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा झाली त्यामागे जी काही उदाहरणं होती त्यात जामखेड होतं. पण पुढच्याच वर्षी मोठ्या देशांतल्या तज्ज्ञांनी म्हणायला सुरुवात केली की एवढं सगळं जमणार नाही, परवडणारही नाही, तेव्हा मोजता येतील असे चार-पाच उपाय निवडा, लस, ओआरएस, मुलाचं वजन, आणि तेवढंच करा. पैसा त्या बाजूला गेला. मीठ-साखर-पाण्याने लाखो मुलं वाचली हे खरं आहे आणि ते मी कमी लेखत नाही, पण पाणी कोणाच्या ताब्यात हा प्रश्न तेव्हापासून आरोग्य खात्याच्या बाहेरच राहिला.

तसंच गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, त्या नवजात बाळाचा न्यूमोनिया ओळखायच्या, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनसुद्धा द्यायच्या, आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. सरकारने २०११ ला हाच कार्यक्रम देशभर घेतला. काय घेतलं? घरभेटी घेतल्या, फॉर्म घेतला, वजनकाटा घेतला. इंजेक्शन द्यायचा अधिकार आशाला, म्हणजे गावातल्या सरकारी आरोग्य कार्यकर्तीला, मिळाला नाही. शिकवून दहावीच्या आतली बाई ते करू शकते हे सिद्ध झालेलं असताना तिला मोजायला आणि कळवायलाच ठेवलं. ४२ दिवसांत सहा घरभेटी, त्याचे मिळून २५० रुपये, आणि बाळ गंभीर असेल तर १०२ किंवा १०८ ला फोन लाव, नेटवर्क असेल तर.

आशाबद्दल जरा जास्त बोलतो कारण सगळं राजकारण तिच्या बिलात दिसतं. २००५ ला ग्रामीण आरोग्य अभियान आलं, हजार लोकांमागे एक आशा, निवड ग्रामसभेकडून, आणि ती गावाच्या बाजूने आरोग्य यंत्रणेशी बोलेल अशी मूळ कल्पना. महाराष्ट्रात आज जवळपास ७० हजार आशा आहेत. पण त्यांचा पैसा येतो कुठून? काही ठरावीक मानधन, बाकी कामागणिक मोबदला, त्याचं बिल भरायचं, ते एएनएम म्हणजे उपकेंद्राची नर्स तपासणार, गटप्रवर्तक म्हणजे आशांवर देखरेख करणारी बघणार, मेडिकल ऑफिसर मंजूर करणार. आता मला सांगा, ज्या मेडिकल ऑफिसरच्या सहीवर तुमचे चार पैसे अवलंबून आहेत त्याच्या केंद्रात औषध नाही, तो बाहेरची चिठ्ठी लिहून देतो, हे तुम्ही ग्रामसभेत उभं राहून बोलाल? कोणीही नाही बोलणार. गावाची प्रतिनिधी म्हणून निवडलेली बाई पहिल्या बिलातच यंत्रणेची सगळ्यात खालची कामगार होते, आणि कामगार म्हणून जे मिळायला हवं ते मात्र मिळत नाही, कारण कागदावर ती स्वयंसेविका. पगार नाही मानधन, रजा नाही, पेन्शन नाही.

हेही पहिल्यांदा झालेलं नाही. जनता सरकारने २ ऑक्टोबर १९७७ ला गावोगाव आरोग्यरक्षक नेमले होते, महिना ५० रुपयांवर, बहुतेक पुरुष होते, त्यांनी पगाराची मागणी केली तर ती योजना हळूहळू सोडून दिली गेली. आशा योजनेत बायकाच घेतल्या. घरातली सेवा बाई फुकट करते, मग गावातलीही करेल, हा हिशोब कोणी लिहून ठेवलेला नसेल, पण त्याच्यावरच सगळं चाललंय.

कोविडमध्ये याच बायकांनी घरोघर सर्व्हे केला, 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' मध्ये तर लाखो घरं पालथी घातली, मास्क वेळेवर नाही, ऑक्सिमीटर कधी आहे कधी नाही, लोकांच्या शिव्या खाल्ल्या कारण पॉझिटिव्ह आला तर घराला बोर्ड हिच्यामुळे लागणार. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा सन्मान केला, सगळ्या नेत्यांनी ट्विट केलं. त्याआधी जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर होत्या आणि त्यानंतर २०२३ च्या ऑक्टोबरात पुन्हा, मग आश्वासन मिळालं, जीआर निघाला नाही, म्हणून २०२४ च्या सुरुवातीला परत संप, आझाद मैदानावर थंडीत रात्री काढल्या, तेव्हा मार्चमध्ये पाच हजारांची वाढ मान्य झाली. दिलेला शब्द पाळा एवढ्यासाठी बायकांना गाव, घर, लेकरं सोडून मुंबईला बसावं लागतं. आणि संपाच्या काळात गावातल्या लोकांना काय सांगितलं जातं, तर बघा, आशा काम करत नाहीयेत म्हणून लसीकरण थांबलं. गाव आणि आशा यांना एकमेकांसमोर उभं करायचं हे फार जुनं तंत्र आहे.

मेळघाटकडे येतो. धारणी आणि चिखलदरा, १९९३ पासून कुपोषणाच्या बातम्या येतायत, हायकोर्टात याचिका चालू आहेत, मंत्री दौरे करतात, नवसंजीवनी योजना आली, भरारी पथकं आली, ग्राम बाल विकास केंद्रं आली, सॅम आणि मॅम (तीव्र आणि मध्यम कुपोषण) हे शब्द आता पाड्यावरच्या बाईलाही पाठ आहेत. पण मूल कुपोषित का होतं याचं उत्तर तिथल्या कोरकू आदिवासी बाईला विचारलं तर ती दवाखान्यापासून सुरू करणारच नाही. पाऊस संपला, शेतात काही उरलं नाही की कुटुंब बाहेर पडतं, वीटभट्टीवर, सोयाबीन-हरभऱ्याच्या कापणीला, बांधकामावर, आणि होळीला परत येतं. त्या काळात मूल कोणाच्या रजिस्टरमध्ये असतं? गावच्या अंगणवाडीत ते 'स्थलांतरित' आणि जिथे गेलं तिथे ते कोणाचंच नाही. रोजगार हमीचं काम आणि त्याची मजुरी गावात वेळेवर मिळाली तर अर्धी घरं हलणार नाहीत, पण ते दुसरं खातं. जंगलातून काय आणायचं काय नाही हे व्याघ्र प्रकल्प ठरवणार, ते तिसरं खातं. मेळघाटातून अकोट तालुक्यात पुनर्वसन केलेल्या गावांतले लोक २०१९ मध्ये जंगलात परत गेले, वनखात्याशी मोठा संघर्ष झाला, त्यांच्या तक्रारींमध्ये जमीन होती, पैसे होते आणि नव्या जागी आजारपणात माणसं जातायत, दवाखाना नाही, हेही होतं. बातम्यांत संघर्ष आला, दवाखाना आला नाही.

आणि खायला आपण काय पाठवलं? बंद पाकिटातला टेक होम रेशनचा पुडा, मुलांना चव आवडत नाही, बायका सांगून थकल्या, कित्येक ठिकाणी तो जनावरांपुढे गेला. सुप्रीम कोर्टाने २००४ पासून सांगितलंय की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नको, तरी आपल्या राज्याने टेंडरच्या अटी अशा लावल्या की गावचा बचत गट त्यात बसूच नये, २०१९ मध्ये कोर्टाने ते टेंडर रद्द केलं. अमृत आहार योजनेत गरोदर बाईला एक वेळचं गरम जेवण गावातच शिजवून मिळतं, ते लोकांना पटतं कारण ते ताटात दिसतं, कमी पडलं तर लगेच कळतं आणि भांडता येतं. पुड्यावर कोणाशी भांडणार, कारखान्याशी?

बीडचं उदाहरण तर अजून अंगावर येतं. ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या जातायत हे २०१९ ला गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या समितीने पाहणी केली, ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. फडावर संडास नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसातही मोळी उचलायची, खाडा झाला की दंड, उचल म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे फिटत नाहीत, आणि अंगावरून जायला लागलं तर गाठायला सरकारी डॉक्टर नाही, खासगीवाला सांगतो पिशवी काढून टाका कॅन्सर होईल. उपाय काय झाला? ऑपरेशनच्या आधी सिव्हिल सर्जनची परवानगी आणि हेल्थ कार्ड. परवानगी हवीच, त्यानं काही पिशव्या वाचल्याही असतील. पण मुकादम, कारखाना, उचल यांना हात कोणी लावला? साखर कारखाने कोणाचे आहेत ते सांगायला नको. जो प्रश्न मजुरीचा होता तो बाईच्या शरीराचा करून आरोग्य खात्याकडे ढकलला गेला.

यावर एक मुद्दा येणार आणि तो खरा आहे, की वरून राबवलेल्या कार्यक्रमांनीच तर माणसं वाचली. देवी गेली, पोलिओ गेला, महाराष्ट्रात माता मृत्यू २०१८-२० मध्ये लाखाला ३३ वर आले, देशाचे तेव्हा ९७ होते. मान्य, पूर्ण मान्य, लस गावाने मतदान करून ठरवायची गोष्ट नाही. पण वरून ठरवलेलं टिकतं कधी? मलेरिया बघा, निर्मूलन होत आलं असं वाटत असताना लक्ष हटलं आणि १९७६ मध्ये ६४ लाख केसेस झाल्या. फवारणी करणारा गेला की गावात मागे काहीच राहत नव्हतं. आणि सरासरी ३३ मध्ये अक्राणी, भामरागड, धारणी हे आदिवासी तालुके कुठे आहेत ते त्या आकड्यातून दिसत नाही.

दुसरा मुद्दा असा की गाव म्हणजे काय देवळातली मूर्ती आहे का, तिथे जात आहे, सरपंच बाईचा नवरा सही करतो, आशा म्हणून पाटलाची सून निवडली जाते. हेही बरोबर. मी गावाला पवित्र मानत नाही. म्हणूनच मला २००७ ला आपल्याकडे सुरू झालेलं लोकाधारित देखरेखीचं काम महत्त्वाचं वाटतं. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे, पाच जिल्हे, पुण्यातली 'साथी' संस्था समन्वयाला आणि खाली स्थानिक संघटना. गावात बसून आपल्या उपकेंद्राला, आरोग्य केंद्राला लाल, पिवळा, हिरवा शेरा द्यायचा आणि मग जनसुनवाई. तिथे मंडपात डॉक्टर, तालुका आरोग्य अधिकारी बसलेले आणि समोर बाई माइक हातात घेऊन सांगते की बाळंतपणाला माझ्याकडून इतके पैसे घेतले. पैसे परत मिळाल्याची, बंद उपकेंद्रं उघडल्याची, बाहेरच्या चिठ्ठ्या कमी झाल्याची उदाहरणं त्यातून आली. डॉक्टरांनाही फायदा झाला, क्वार्टर पडकं आहे, औषधच वरून येत नाही, हे त्यांना पहिल्यांदा लोकांसमोर बोलता आलं. यात पाटलाचा वाडा आपोआप जिंकत नाही कारण जनसुनवाईत पुरावा लागतो आणि ज्याला त्रास झाला तोच बोलतो. पुढे या कामाचा जोर राहिला नाही. ज्या खात्याला प्रश्न विचारायचे त्याच खात्याच्या निधीवर ते चालत होतं, मग किती टिकणार?

आणि आता सगळ्यात मोठी गोष्ट जी आरोग्याच्या चर्चेत कोणी काढतच नाही. आपली प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची आहेत. २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढची कित्येक वर्षं तिथे प्रशासक बसले. म्हणजे आरोग्य सभापती नाही, आरोग्य समितीची बैठक नाही, गटाचा सदस्य नाही ज्याच्या घरी जाऊन दार वाजवावं. कोविडनंतरच्या काळात, जेव्हा आरोग्यावर सगळ्यात जास्त बोलायला हवं होतं, तेव्हा बहुतेक ग्रामीण महाराष्ट्राच्या दवाखान्यांवर जिल्हा परिषदेत निवडून आलेला एकही माणूस नव्हता. निवडणूक लांबली यावर जेवढी चर्चा झाली ती आरक्षणाची आणि कोणत्या पक्षाला फायदा याची. साप चावून आलेल्या माणसाला केंद्रात इंजेक्शन नाही म्हणून पुढे पाठवलं आणि तो वाटेत गेला, तर त्याच्या घरच्यांनी या वर्षांमध्ये कोणाला धरायचं होतं?

म्हणून माझ्या मागण्या जागृतीच्या नाहीत. आशाला कर्मचारी म्हणून घ्या, ठरलेला पगार द्या, म्हणजे तिचं तोंड बिलाच्या सहीत अडकणार नाही. गाव आरोग्य समितीला वर्षाला दहा हजार मिळतात, त्यात ब्लीचिंग पावडर आणि सतरंजी येते, ती रक्कम वाढवा, आणि पेसाच्या (आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा) गावांना २०१५ पासून जो पाच टक्के निधी थेट मिळतो त्याच्या खर्चात आरोग्यावर काय करायचं ते ग्रामसभेलाच ठरवू द्या, बीडीओच्या नमुना आराखड्यावरून नको. केंद्रातल्या औषधसाठ्याची यादी दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली पाहिजे. जनसुनवाई आरोग्य खात्याच्या मर्जीवर नको, कायद्यात घाला, आणि तिचा खर्च दुसऱ्या खात्यातून येऊ द्या. आणि मेडिकल ऑफिसरचा, तालुका आरोग्य अधिकाऱ्याचा गोपनीय अहवाल लिहिताना त्या भागातल्या ग्रामसभांचं म्हणणं लेखी जोडलेलं असलं पाहिजे, प्रमोशनच्या फाइलमध्ये.